चित्रफीत ते तबकडी : घरगुती चलच्चित्रांचा इतिहास आणि आपला ठेवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढण्यामागे संस्थेचा हेतू स्पष्ट असतो. पन्नास वर्षांत कोणी काय केले, कोणते उत्सव झाले, कोणती नाटके रंगली, याची कोठेतरी नोंद राहावी. पुढच्या पिढीने ती उलगडून पाहावी. नावे, तारखा, हिशेब आणि छायाचित्रे यांना कागद उत्तम जागा देतो. परंतु माणसाची चाल, हसण्याची लकब, आरती म्हणताना लागणारा वरचा सूर, आजीच्या बोलण्यातला हेल, या गोष्टी कागदावर उतरत नाहीत. बंगळूरसारख्या ठिकाणी तर त्यांचे मोल अधिक. येथे पुण्याची मराठी आहे, कोकणातली आहे, बेळगाव-धारवाडकडची कानडी वळणाची आहे आणि तंजावराहून पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहिलेल्या घराण्यांची वेगळ्याच चालीची मराठीही आहे. बोलणारा माणूस गेला की ती ढब त्याच्याबरोबर जाते. उरलीच तर ती एखाद्या लग्नाच्या, मुंजीच्या किंवा गणेशोत्सवाच्या कॅसेटमध्ये उरते, आणि ती कॅसेट बहुधा माळ्यावरच्या खोक्यात असते.

त्या खोक्यातील चित्रे घरच्या घरी जुळवून दूरदर्शन-संचाला जोडलेल्या यंत्रावर चालेल अशा तबकडीवर, म्हणजेच डीव्हीडीवर, उतरविण्याची कला गेल्या पंचवीस वर्षांत सामान्य माणसाच्या हाती आली. या कलेची पूर्वपीठिका, तिचे तंत्र आणि तिच्या मर्यादा यांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

नकलेने तगलेला इतिहास

आधी थोडे मागे जाऊ. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात आहे. त्या दरबारात अनेक भाषांचे कवी जमत, आणि खुद्द काव्यातही अनेक भाषांतील रचना आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ संपादून १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे मधली सुमारे अडीचशे वर्षे तो हस्तलिखिताच्या रूपाने तगून राहिला. बखरी, पोथ्या, करीने हे सारे आपल्यापर्यंत पोचले याचे श्रेय मूळ लेखकाइतकेच नक्कल करणाऱ्या अनामिक लेखनिकांना आहे. एक प्रत वाळवीने खाल्ली तरी दुसरी कोठेतरी उरली.

याउलट तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांच्या काळात १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास. तेथे नकलेची आवश्यकता नव्हती. दगडानेच राखण केली. तो वाचण्यास लिपी जाणणारा डोळा पुरे. चलच्चित्राचे तसे नाही. ते दगडासारखे टिकाऊ नाही आणि नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. त्याला मध्यस्थ म्हणून यंत्र लागते. या एका भेदातून पुढील सारा इतिहास घडला आहे.

दादरच्या घरातील कारखाना

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तो पाहून प्रभावित झालेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा एक सामना चित्रित केला. फीत धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचे त्यांचे स्वागतही सावेदादांनीच टिपले. या फिती आज पाहावयास मिळत नाहीत.

घरगुती चित्रनिर्मितीचा खरा आद्य पुरुष म्हणावयाचा तर दादासाहेब फाळके यांनाच म्हणावे लागेल. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा व सामग्री आणल्यावर त्यांनी प्रथम कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते याचे थोडे थोडे चित्रण करून लहानशी फीत तयार केली. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ घडला तो दादरच्या राहत्या घराच्या आधारानेच. कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात करीत. फीत धुण्यातही त्यांचा हात असे आणि मंडळींचा स्वयंपाकही त्याच सांभाळीत. रोहिदासाची भूमिका मुलगा भालचंद्र याने केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात हा चित्रपट लोकांसमोर आला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मधील बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी. चित्रण, धुलाई, संकलन आणि प्रदर्शन अशी सारी साखळी एका मराठी कुटुंबाने चालविली, हे आज घरी संगणकावर बसून मुलाच्या वाढदिवसाची चित्रे जुळविणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या घरच्या उद्योगाचे पुढे काय झाले? ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच उरली आहेत, आणि तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. जे उरले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत पी. के. नायर या केरळी गृहस्थांनी सारे आयुष्य वेचून जुन्या फिती गोळा केल्या. मराठी चित्रपटाचा आरंभकाळ आज थोडाफार पाहता येतो, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे.

कोल्हापुरात घडलेला कानडी बोलपट

बंगळूरकरांस जवळची अशी एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. कानडीतील पहिला प्रदर्शित बोलपट ‘सती सुलोचना’ हा ३ मार्च १९३४ रोजी बंगळुरात प्रदर्शित झाला. वाय. व्ही. राव त्याचे दिग्दर्शक. सुब्बय्या नायडू, त्रिपुरांबा आणि आर. नागेंद्रराव त्यातील प्रमुख नट. बंगळुरात बोलपट तयार करण्याची सोय त्या वेळी नव्हती, म्हणून सारी मंडळी कोल्हापुरास गेली आणि तेथील छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रण झाले. त्याच कोल्हापुरात दोन वर्षे आधी प्रभातने मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ तयार केला होता. कानडी बोलपटाचा पाळणा असा मराठी मुलखात हलला. दोन्ही भाषांच्या स्नेहाची इतकी सुंदर खूण दुसरी क्वचितच सापडेल.

परंतु ती खूण आज डोळ्यांनी पाहता येत नाही. ‘सती सुलोचना’ची एकही प्रत उपलब्ध नाही. बोलपट होता हे ठाऊक आहे, नटांची नावे ठाऊक आहेत. त्यांचा आवाज मात्र गेला. व्यावसायिक कंपनीने पैसे घालून तयार केलेल्या, गावोगाव दाखविल्या गेलेल्या चित्रपटाची ही गत; मग ज्याची जगात एकच प्रत आहे अशा आपल्या घरच्या चित्रफितीचे काय होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

घराघरांतील कॅमेरा

हौशी माणसासाठी कोडॅक कंपनीने १९३२ मध्ये आठ मिलिमीटर रुंदीची फीत काढली आणि १९६५ मध्ये तिची सुधारित ‘सुपर एट’ ही आवृत्ती आली. तिच्या एका काडतुसात पन्नास फूट फीत असे आणि ती जेमतेम साडेतीन मिनिटे चाले. आपल्याकडे हा शौक फारच थोड्यांना परवडे. परदेशी गेलेल्या एखाद्या चिरंजीवाने पाठविलेला कॅमेरा घरात असला तर त्यावर काशीयात्रा किंवा एखादे मंगलकार्य टिपले जाई, आणि ते पाहण्यासाठी भिंतीवर पांढरी चादर बांधावी लागे.

खरा पालट चुंबकीय फितीने घडविला. जपानात १९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट बाजारात आली. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी दूरचित्रवाणी रंगीत झाली आणि त्यापुढे व्हीसीआर हे यंत्र हळूहळू घरोघर पोचले. लग्नात ‘व्हिडिओ शूटिंग’वाला प्रखर दिवा घेऊन भटजींच्या पुढे उभा राहू लागला. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन अंकी नाटकास पुरेल एवढा वेळ. त्यामुळे मंडळांचे नाट्यप्रयोगही टिपले जाऊ लागले.

याच काळात परदेशस्थ मराठी माणसांची संख्या वाढत होती. उत्तर अमेरिकेतील मंडळांची मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही शिखर संस्था १९८१ मध्ये उभी राहिली. इकडच्या लग्नाची कॅसेट तिकडच्या भावाकडे जाऊ लागली आणि एक विचित्र अडचण पुढे आली. भारतात वापरात असलेल्या ‘पाल’ पद्धतीत पडद्यावर ६२५ रेषा आणि सेकंदास २५ चित्रे. अमेरिकेतील ‘एनटीएससी’ पद्धतीत ५२५ रेषा आणि सेकंदास जवळजवळ ३० चित्रे. इकडची कॅसेट तिकडच्या यंत्रात बसे, पण चित्र दिसत नसे. पैसे मोजून पद्धत बदलून घेतल्यावाचून मामाला भाचीची सप्तपदी पाहता येत नसे. ही दोन पद्धतींची भिंत पुढे डीव्हीडीच्या काळातही राहिली.

तबकडीची रचना

प्रतिस्पर्धी कंपन्यांनी १९९५ च्या अखेरीस एका मसुद्यावर एकमत केले आणि पुढच्या वर्षी जपानात डीव्हीडी विक्रीस आली. बारा सेंटिमीटर व्यासाची, बाराशे मायक्रोमीटर जाडीची ही तबकडी ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते. कारखान्यातील तबकडीवर माहितीचे सूक्ष्म खड्डे साच्याने उठविलेले असतात. घरी लिहिण्याच्या तबकडीत मात्र रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लेसर किरण त्याला ठिकठिकाणी जाळून खुणा करतो. म्हणूनच ‘डीव्हीडी बर्न करणे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. २००१ च्या सुमारास अशा तबकड्या लिहिणारे यंत्र घरगुती संगणकात येऊ लागले. काही वर्षांतच बंगळूरच्या एस. पी. रोडवर कोऱ्या तबकड्यांच्या चळती दिसू लागल्या.

तरीही पुष्कळांचा पहिला प्रयत्न फसे. संगणकावर जुळविलेली चित्रांची फाइल ते तशीच तबकडीवर उतरवीत. ती संगणकावर चाले. पण दिवाणखान्यातील डीव्हीडी-यंत्र ती नाकारी. याचे कारण असे की, त्या यंत्राला ठरावीक मांडणीच कळते. चित्र ‘एम्पेग-२’ या पद्धतीने संक्षिप्त केलेले हवे. पाल पद्धतीत त्याचा आकार ७२० गुणिले ५७६ बिंदू असावा. ध्वनीचे नमुने सेकंदास ४८ हजार असावेत, संगीताच्या सीडीप्रमाणे ४४,१०० नव्हेत. मग ‘ऑथरिंग’ नावाचा संस्कार करावयाचा. त्यात ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या कप्प्यात तीन प्रकारच्या फाइली तयार होतात: एकीत प्रत्यक्ष चित्र व ध्वनी, दुसरीत कोठे काय आहे याची सूची आणि तिसरीत त्या सूचीची राखीव नक्कल. ग्रंथाच्या भाषेत सांगावयाचे तर पहिली म्हणजे संहिता, दुसरी अनुक्रमणिका. आणि अनुक्रमणिकेचे पान फाटले तर अडू नये म्हणून तिसरी. शेवटी तबकडी ‘फायनलाइज’ करावी लागते. हे शिक्कामोर्तब राहून गेले तर दुसऱ्या यंत्रात ती उघडत नाही.

जागेचा हिशेबही आधी मांडावा लागतो. एकपदरी तबकडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. दोन तासांचा कार्यक्रम तीत बसवावयाचा तर चित्र आणि ध्वनी मिळून सेकंदास सुमारे ५२ लाख बिट वाट्यास येतात, आणि चित्र समाधानकारक दिसते. तीन तासांचे नाटक एकाच तबकडीत कोंबले तर वाटा ३५ लाखांवर येतो आणि जलद हालचालीच्या वेळी पडद्यावर चौकटी उमटतात. जाणकार मंडळी म्हणून मध्यंतरापाशी नाटक तोडून दोन तबकड्या करीत. अंकाचा पडदा जेथे पडतो तेथेच तबकडीही संपावी, हे रसिकतेलाही धरून आहे. आणखी एक खाच म्हणजे, या पद्धतीतील प्रत्येक चित्र एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांनी बनते. त्यांचा क्रम उलटा पडला तर स्थिर चित्र ठीक दिसते. पण लेझीम किंवा फुगडी सुरू झाली की पाय थरथरू लागतात.

मराठी माणसाच्या दृष्टीने डीव्हीडीचा एक गुण विशेष मोलाचा होता. आरंभीचा सूचीफलक आणि चित्राखालील उपशीर्षके ही दोन्ही यंत्राला अक्षरे म्हणून वाचावी लागत नाहीत. ती चित्रेच असतात. त्यामुळे ज्या काळी संगणकावर देवनागरी जोडाक्षरे नीट उमटविणे हे दिव्य होते, त्या काळीही ‘मंगलाष्टके’, ‘सप्तपदी’, ‘सूनमुख’ अशी प्रकरणे शुद्ध मराठीत मांडता येत आणि जगातील कोणत्याही डीव्हीडी-यंत्रावर ती बिनचूक दिसत. शिवाय एका तबकडीत आठ ध्वनिमार्ग आणि बत्तीस उपशीर्षके ठेवण्याची तरतूद आहे. आजीने सांगितलेली हकीकत तिच्याच आवाजात ऐकावी आणि खाली इंग्रजी किंवा कानडीत अर्थ वाचावा, हे यामुळे साधले. ज्या नातवंडांना मराठी कळते पण पुरते उमगत नाही, त्यांच्यासाठी याहून चांगली सोय नाही. अमेरिकेतील आप्तांसाठी मात्र एनटीएससी पद्धतीची वेगळी प्रत करावी. कारण भारतातील पुष्कळ यंत्रे दोन्ही पद्धती चालवीत असली तरी तिकडील अनेक यंत्रे पाल तबकडी घेत नाहीत.

मोडीचा धडा

एवढे करून ठेवा कायमचा सुरक्षित झाला का? इतिहासाचा विद्यार्थी यास होकार देणार नाही. पेशव्यांच्या दप्तरातील लक्षावधी कागद सुस्थितीत आहेत; पण ते मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. कागद टिकला, वाचक उणावला. कॅसेट आणि तबकडी यांचेही तसेच आहे. व्हीसीआर तयार करणाऱ्या अखेरच्या जपानी कंपनीने, फुनाईने, २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबविले. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक नव्या लॅपटॉप संगणकांत तबकडीची खाचच नसते. कॅसेटला ओल आणि बुरशी लागते. घरी लिहिलेल्या तबकडीचा रंगथर ऊन व उष्णता यांनी उडू लागतो. जतन करण्यासाठीच उभारलेल्या जागाही संकटमुक्त नसतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला.

यावरून निष्कर्ष निघतो तो जुनाच आहे. जतन म्हणजे एकदा करून ठेवण्याची वस्तू नसून पिढ्यान्‌पिढ्या चालवावयाचे व्रत आहे. पूर्वीच्या लेखनिकांनी पोथी जीर्ण झाली की नवी नक्कल केली. आपण फितीची तबकडी केली. पुढच्यांनी तबकडीचे आणखी काही करावे.

आता करावयाचे काम

मंडळाच्या सभासदांस काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कपाटातील कॅसेटी प्रथम उतरवून घ्याव्यात, कारण त्या चालविणारी यंत्रे दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. उतरविलेले मूळ चित्रण संक्षेप न करता, निदान शक्य तितके कमी संक्षिप्त करून, हार्ड डिस्कवर ठेवावे. कारण डीव्हीडीसाठी केलेला संक्षेप पुन्हा उलगडत नाही. घरातील वडीलधाऱ्यांसाठी त्याची डीव्हीडी जरूर करावी. तबकडी घातली, बटण दाबले की चित्र लागले, इतका सोपा मार्ग त्यांना दुसरा नाही. त्या तबकडीची पूर्ण प्रतिमाही एका फाइलीत साठवावी, म्हणजे तबकडी बिघडली तरी दुसरी लिहिता येते. तबकडीवर बॉलपेनने लिहू नये आणि कागदी चिठ्ठीही चिकटवू नये. एक प्रत दुसऱ्या गावी नातलगांकडे असावी. नाटकाच्या चित्रणाच्या प्रती वाटण्यापूर्वी लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची अनुमती घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे काम यंत्राचे नव्हे, माणसाचे आहे. चित्रात दिसणारी माणसे कोण, प्रसंग कोणता, साल कोणते, पाठीमागचे वाद्य कोण वाजवीत आहे, ही माहिती ज्यांना आहे त्यांच्या शेजारी बसून ती चित्रे एकदा पाहावीत आणि नावे वहीत मराठीत लिहून घ्यावीत. फीत आणखी वर्षभर थांबेल. ज्यांना चेहरे ओळखता येतात ते थांबतीलच असे नाही. नावे नसलेली चित्रे म्हणजे शिक्का पुसलेली नाणी; धातू राहतो, राज्य कोणाचे ते कळत नाही.

शहाजीराजांच्या दरबारातील कवींचे शब्द आपल्याला मिळाले, त्यांचा आवाज मिळाला नाही. ‘सती सुलोचना’च्या नटांची नावे मिळाली, त्यांचे गाणे मिळाले नाही. आपल्या वडीलमंडळींच्या बाबतीत मात्र शब्द, आवाज आणि चेहरा ही तिन्ही राखण्याची साधने आपल्या हाती आहेत. आणखी पन्नास वर्षांनी मंडळाचा शताब्दी-ग्रंथ सिद्ध करणाऱ्यांना या स्मरणिकेतील नावे वाचावयास मिळतीलच. त्या नावांची माणसे कशी बोलत होती, हेही त्यांना ऐकावयास मिळावे.